बघून जाणारा गिऱ्हाईक कधी होतो? कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन दुकानाचा कन्व्हर्जन रेट वाढवण्याची रीत

रील चालली, जाहिरातीला पैसे घातले, वेबसाइटवर दिवसाला शे-सव्वाशे माणसं येऊ लागली. ऑर्डर मात्र रोजची एक, फार तर दोन. अशा वेळी बहुतेक दुकानदार दोनपैकी एक काहीतरी करतात. जाहिरात वाढवतात, नाहीतर भाव पाडतात. दोन्हीत पैसा जातो आणि आलेली माणसं रिकाम्या हाताने का गेली, हे काही कळत नाही.

हा लेख त्या प्रश्नावर आहे. उदाहरण म्हणून मी कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान घेतलं आहे. चप्पल ही पायात घालून बघायची वस्तू, त्यामुळे ऑनलाइन विक्रीतली जवळजवळ प्रत्येक अडचण तिच्यात सापडते: माप, हाताचं काम, चामडं खरं की खोटं, कॅश ऑन डिलिव्हरी, परत येणारी पार्सलं. तुम्ही मसाले, साड्या किंवा पितळेची भांडी विकत असाल तरी क्रम हाच राहील. फक्त मापाच्या जागी तिखटपणा, पोत किंवा वजन येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं: माणूस परत जातो तो बटणाच्या रंगामुळे नाही. त्याच्या मनात एक शंका येते, तिचं उत्तर त्याला त्याच जागी मिळत नाही, म्हणून जातो. ती शंका कुठे येते ते शोधायचं आणि उत्तर तिथेच ठेवायचं. बाकी सगळं याच्या मागून.

आधी हिशेब, आणि तो खरा

कन्व्हर्जन रेट म्हणजे ऑर्डरींची संख्या भागिले भेटींची संख्या, गुणिले १००. समजा महिन्याला ४,००० भेटी आणि ४८ ऑर्डरी झाल्या, तर रेट १.२ टक्के. शॉपिफाय असो की वूकॉमर्स (ऑनलाइन दुकान चालवायची साधनं), हा आकडा समोर दिसतो आणि दुकानदार तोच धरून बसतात.

भारतातल्या दुकानाला हा आकडा पुरत नाही. त्या ४८ पैकी ३० कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतील आणि त्यातल्या ८ दारातून परत आल्या, तर विक्री ४० चीच झाली. म्हणजे खरा रेट १ टक्का. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा: 'आलेल्या ऑर्डरी' आणि 'पोचून पैसे जमा झालेल्या ऑर्डरी'. सुधारणा कोणतीही करा, ती दुसऱ्या रकान्यात दिसली पाहिजे. पहिला रकाना फुगवणं सोपं असतं. कॅश ऑन डिलिव्हरी सताड उघडी ठेवली आणि 'शेवटच्या २ जोड्या' असं खोटं लिहिलं की तो फुगतोच. मग दोन आठवड्यांनी पार्सलं परत यायला लागतात.

आता वाटेतले टप्पे मोजा. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये (साइटवर कोण आलं, काय केलं ते मोजणारं गूगलचं साधन) चार घटना नीट लागल्या आहेत का ते बघा: वस्तूचं पान उघडलं, कार्टमध्ये टाकली, चेकआउट (पत्ता आणि पैसे भरायचा टप्पा) सुरू केलं, खरेदी झाली. वरच्याच दुकानाचं चित्र समजा असं आहे: ४,००० भेटी, त्यातल्या २४० जणांनी चप्पल कार्टमध्ये टाकली, ११० जण चेकआउटला आले, ४८ जणांनी ऑर्डर दिली. आता प्रश्न सुटसुटीत होतो. शंभरातले ९४ जण कार्टपर्यंत येतच नाहीत, म्हणजे अडचण चपलेच्या पानावर आहे (किंवा जाहिरात भलत्याच लोकांना दिसते आहे). कार्टमधून चेकआउटला येताना निम्म्याहून जास्त गळत असतील तर डिलिव्हरीचा खर्च किंवा तारीख खटकते आहे. चेकआउटमध्ये गळत असतील तर फॉर्म किंवा पेमेंट अडतं आहे.

इथे एक खाचखळगा आहे. यूपीआयने पैसे देताना माणूस ब्राउझरमधून पेमेंटच्या ॲपमध्ये जातो आणि पैसे कापले गेले की पुष्कळदा तिथूनच फोन बाजूला ठेवतो. तो 'धन्यवाद'च्या पानावर परत आला नाही तर ॲनालिटिक्समध्ये खरेदी नोंदली जात नाही. उलट कुणी ते पान पुन्हा उघडलं आणि ऑर्डर क्रमांक नीट पाठवला जात नसेल, तर एकाच खरेदीच्या दोन होतात. म्हणून आठवड्यातून एकदा पेमेंट गेटवेची (तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची) यादी, दुकानातल्या ऑर्डरी आणि ॲनालिटिक्स हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून ताळा करा. ताळा जुळत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

आकडे फोडूनही बघा: मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे, इन्स्टाग्रामवरून आलेले आणि गूगलवर शोधून आलेले वेगळे. 'कोल्हापुरी चप्पल लेडीज' असं शोधून आलेली बाई आणि रील बघताना बोट लागून आलेला मुलगा यांचा एकच सरासरी आकडा काढून काही हाती लागत नाही.

स्वतःच्या दुकानातून स्वतः एक जोडी मागवा

ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर आपलं दुकान सुंदरच दिसतं. गिऱ्हाईक असतो मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, बसमध्ये. तसाच फोन घ्या, वायफाय बंद करा, इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलमधल्या लिंकवरून आत या आणि खरे पैसे देऊन ऑर्डर पूर्ण करा. इन्स्टाग्राम लिंक स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतो. तिथून यूपीआयचं ॲप नीट उघडतं का, पैसे भरून परत आल्यावर कार्ट शाबूत असतं का, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. अडत असेल तर पेमेंट गेटवेच्या लोकांना स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा.

मग घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला फोन द्या. 'आत्या, यातून तुझ्यासाठी एक जोड मागव' एवढंच सांगा आणि गप्प बसा. ती कुठे थांबते, कुठे चष्मा वर करते, कुठे 'हे काय विचारतंय रे?' म्हणते, ते लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे फुकट साधन बसवलं तर अनोळखी लोक पान कसं वापरतात त्याचं रेकॉर्डिंगही दिसतं. लोक मापाच्या तक्त्याच्या चित्रावर पुन्हा पुन्हा बोट मारताना दिसले, तर समजा की तक्त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत आणि चित्र मोठंही होत नाही.

वेग तपासायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स पुरेसं आहे. तीन आकडे धरा: पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा, आणि पान भरताना मजकूर उड्या मारण्याचा अंक ०.१ च्या खाली असावा. लहान दुकानांत वेग खाणाऱ्या गोष्टी बहुतेक दोनच: कॅमेऱ्यातून काढून तसेच चढवलेले ४-५ एमबीचे फोटो, आणि कधीकाळी बसवून विसरलेली ॲप्स. फोटो वेबपी (कमी जागा घेणाऱ्या) प्रकारात, साधारण १,२०० पिक्सेल रुंदीचे करा. न वापरलेली ॲप्स काढून टाका. पॉपअप, फिरतं चक्र, 'नुकतीच पुण्याहून कुणीतरी खरेदी केली' असली पट्टी, सगळं.

चपलेचं पान: माप

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. चप्पल विकणाऱ्याची निम्मी लढाई मापाची आहे. कार्टमध्ये न टाकणं, दारातून परत करणं आणि बदलून मागणं, या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा 'मला नंबर बरोबर होईल का?' हीच शंका असते.

आपल्याकडचा नंबर साधारण ब्रिटिश पद्धतीने चालतो. त्यात एका नंबरचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर. माप घेताना एक सेंटीमीटर चुकलं की अख्खा नंबर चुकला. त्यात हाताने बनवलेल्या चपलेत एका कारागिराचा ७ आणि दुसऱ्याचा ७ तंतोतंत सारखा नसतो. इंटरनेटवरून उचललेला तक्ता म्हणूनच निरुपयोगी. तुमच्याकडच्या प्रत्येक प्रकाराच्या प्रत्येक नंबरची एकेक जोडी समोर घ्या, पाऊल जिथे टेकतं त्या तळाची लांबी आणि रुंदी मोजा आणि 'एवढ्या सेंटीमीटरच्या पावलाला हा नंबर' असा स्वतःचा तक्ता बनवा. तक्ता चित्र म्हणून टाकू नका, मजकूर म्हणून टाका. तो नंबर निवडायच्या जागीच उघडला पाहिजे. वेगळ्या पानावर गेलेला माणूस परत येईलच असं नाही.

माप कसं घ्यायचं हे साध्या मराठीत लिहा. असं:

कोरा कागद फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवा. टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा. बसून माप घेऊ नका. अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं त्याच्या शेजारचं बोट लांब असतं. भिंतीकडच्या कडेपासून खुणेपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. मग पावलाचा सर्वांत रुंद भाग मोजा. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं असेल ते धरा. माप शक्यतो संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं.

याच्या खाली एक बटण ठेवा: 'कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, नंबर आम्ही सांगतो.' कागदावर पट्टी ठेवून फोटो काढायला सांगा. हे काम वेळखाऊ आहे हे खरं, पण ज्याने कागदावर पाऊल ठेवून फोटो पाठवला तो घ्यायच्या तयारीनेच आलेला असतो. शिवाय आलेली मापं साठवत गेलात की कोणत्या प्रकाराला लोक एक नंबर चुकतात ते कळतं, आणि मग त्या चपलेच्या पानावर लिहिता येतं: 'हा जोड जरा आवळ येतो. तुमचं माप दोन नंबरांच्या मध्ये असेल तर मोठा घ्या.' अशी एक ओळ दहा सुंदर फोटोंपेक्षा जास्त काम करते.

रुंद पावलाचा प्रश्न वेगळा हाताळा. कोल्हापुरीत बोटं मोकळी असतात, पण पट्टा पावलावर बसतो. पाऊल रुंद असलेल्यांना नंबर वाढवून चप्पल फक्त लांब होते. हवा असतो सैल पट्टा. कारागीर तो करून देत असेल तर 'पाऊल रुंद आहे' असा पर्याय नंबरशेजारीच द्या आणि त्याला चार दिवस जास्त लागतील हेही तिथेच लिहा. कारखान्यातली तयार चप्पल विकणाऱ्याला हे जमत नाही, तुम्हाला जमतं. ते लपवून ठेवू नका.

चपलेचं पान: फोटो आणि खरं काय ते

दुकानात गिऱ्हाईक चप्पल उचलतो, उलटी करतो, वाकवून बघतो, वास घेतो. फोटोंनी तेवढंच दाखवायचं. वरून, बाजूने (तळाची जाडी दिसेल असा), खालून, शिवणीचा जवळून, वेणीचा आणि कानांचा (पट्टा जिथे अडकतो त्या बाजूच्या पाकळ्यांचा) जवळून, आणि एक पायात घातलेला. पायातला फोटो मॉडेलचाच हवा असं नाही. साडीखाली, धोतराखाली आणि जीन्सखाली कशी दिसते एवढं दिसलं की झालं. दहा सेकंदांचा चालतानाचा व्हिडिओ आवाजासकट टाका. कोल्हापुरीची करकर ऐकायला लोक थांबतात, आणि ज्यांना ती नको असते त्यांनाही घ्यायच्या आधीच कळतं. एका जोडीचं वजन ग्रॅममध्ये लिहा. जड चपलेबद्दलची शंका शब्दांनी जात नाही.

मग वर्णन. 'प्रीमियम क्वालिटी', 'ट्रेंडी लुक' हे शब्द कुणी वाचत नाही. चामडं कशाचं, तळ किती थरांचा, कमावणं झाडाच्या सालींनी की रसायनांनी, शिवण चामड्याच्या वादीची की दोऱ्याची, ते लिहा. कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) असेल तर कापशी म्हणा. रेक्झिन असेल तर रेक्झिन म्हणा. तेही विकलं जातं, फक्त चामडं म्हणून विकू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांपुरतं आहे. तुमचा माल तिथल्या कारागिरांचा असेल तर गावाचं नाव लिहा, कारागिराची संमती असेल तर त्याचा काम करतानाचा फोटो टाका. दुसरीकडे कुठे बनलेला असेल तर त्या नावाचा आधार घेऊ नका. आठ जिल्ह्यांतल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी मिळवलेलं नाव आहे ते.

नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते. हे लिहायला दुकानदार घाबरतात. न लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी 'पायाला लागते' म्हणून परतीची मागणी येते. लिहा: पहिले काही दिवस घरात थोडा थोडा वेळ घाला, पट्ट्याला आतून तेलाचं बोट लावा, पावसात घालू नका, भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. ज्याला हे झेपणार नाही तो घेणार नाही, आणि तेच बरं. ज्याने वाचून घेतली त्याची चप्पल परत येत नाही.

किंमत, पार्सलचा खर्च आणि तारीख

ऑनलाइन कार्ट मध्येच सोडून जाण्याचा अभ्यास बेमार्ड ही संस्था बरीच वर्षं करते आहे. अनेक पाहण्या एकत्र करून तिने काढलेली सरासरी साधारण ७० टक्के आहे, आणि सोडून जाण्याच्या कारणांत सगळ्यात वर असतो तो शेवटी वाढणारा खर्च: शिपिंग, कर, फी. चप्पल १,५०० ची म्हणून आलेल्या माणसाला शेवटच्या पानावर १,६९० दिसले की त्याला फसवल्यासारखं वाटतं. ते १९० वाजवी असले तरीही.

म्हणून पार्सलचा खर्च किमतीतच धरा आणि चपलेच्या पानावर 'सर्व करांसह, घरपोच' असा एकच आकडा द्या. जमत नसेल तर खर्च त्याच पानावर, किमतीच्या खालीच दाखवा. किंमत ठरवताना करही लक्षात घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग जोडीवर १८ टक्के आहे. त्या रेषेच्या जरा वर असलेला जोड गिऱ्हाइकाला एकदम महाग पडतो.

तारखेचंही तसंच. '५ ते ७ कामकाजाचे दिवस' वाचून कुणाला काही कळत नाही. पिनकोड टाकला की 'गुरुवार, १२ तारखेपर्यंत' असं दिसलं पाहिजे. लग्नासाठी घेणाऱ्याला तर चपलेपेक्षा तारीख महत्त्वाची असते. हाताने बनवून पाठवायला दहा दिवस लागत असतील तर दहा लिहा. पाच लिहून आठवा दिवस उजाडला की फोन सुरू होतात, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा माणूस तोवर दुसरीकडून घेऊन मोकळा होतो.

चेकआउट

इथे सांगण्यासारखं थोडं आहे, करण्यासारखं लगेच आहे. खातं उघडायची सक्ती काढा. पहिला रकाना मोबाइल नंबरचा ठेवा. माणूस अर्ध्यात गेला तरी संपर्क राहतो. नंबर आणि पिनकोडच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडू द्या, आणि पिनकोडवरून गाव-जिल्हा आपोआप भरू द्या. 'जवळची खूण' असा रकाना जरूर ठेवा: 'मारुती मंदिरामागे, पिवळी बिल्डिंग' हे वाचून डिलिव्हरीवाला पोचतो. ईमेल ऐच्छिक ठेवा. पैसे भरायच्या पर्यायांत यूपीआय सगळ्यात वर ठेवा, कार्ड खाली. कूपनचा मोठा चौकोन काढून छोटी लिंक करा, कारण रिकामा चौकोन दिसला की माणूस कूपन शोधायला बाहेर जातो आणि बाहेरच राहतो.

पेमेंट फसलं तर 'एरर' लिहून सोडू नका. 'पैसे कापले गेले असतील तर बँकेकडून परत येतील, तुमची जोडी आम्ही राखून ठेवली आहे, पुन्हा भरण्यासाठी इथे दाबा' असं लिहा. पैसे अडकले या भीतीने माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी: बंद करू नका, शिस्त लावा

हिशेब करून बघा. समजा एका जोडीवर तुम्हाला ३५० रुपये सुटतात. जाण्याचे ९० आणि परत येण्याचे ८० रुपये लागत असतील, तर परत आलेली एक जोडी दुसऱ्या जोडीचा निम्मा नफा खाते. शिवाय ती जोडी दोन-तीन आठवडे रस्त्यावर अडकते आणि खोका चेपून परत येते.

तरीही एकदम बंद केली तर नवे गिऱ्हाईक तुटतात. ज्याने तुमचं नाव पहिल्यांदा ऐकलं आहे त्याची 'आधी वस्तू बघू द्या' ही मागणी रास्त आहे. मधली वाट अशी: यूपीआयने आधी पैसे भरणाऱ्याला ठळक सवलत द्या. कॅश ऑन डिलिव्हरीसाठी १०० रुपये आगाऊ घ्या आणि उरलेले दारात. मापानुसार बनवलेल्या जोडीला पूर्ण पैसे आधी घ्या. ज्या पिनकोडवरून वारंवार परत येतं तिथे हा पर्यायच दाखवू नका. आणि प्रत्येक कॅश ऑर्डरला पार्सल बांधण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, फोन करा.

फोनवर 'ऑर्डर कन्फर्म का?' विचारलं की लोक 'हो' म्हणून ठेवून देतात. असं विचारा:

'नमस्कार ताई, कोल्हापूरहून चपलांच्या दुकानातून बोलतोय. तुम्ही कापशी मागवली आहे, नंबर सहा. पायाचं माप घेतलं होतं का नेहमीचा नंबर टाकलाय?'

'नेहमीचाच टाकला हो. सँडलचा सहाच आहे माझा.'

'मग एक करा ताई, मी कागदावर माप घ्यायचा व्हिडिओ पाठवतो, संध्याकाळपर्यंत फोटो टाका. तोवर जोडी बाजूला काढून ठेवतो. आणि शनिवारी पार्सल येईल, घरी कुणी असेल ना?'

'शनिवारी चालेल. पैसे सासूबाईंकडे ठेवते.'

या दोन मिनिटांत माप पक्कं झालं, दिवस ठरला, पैसे कोण देणार ते ठरलं, आणि दुकानामागे माणूस आहे हे तिकडे कळलं. जे फोनच उचलत नाहीत त्यांना व्हॉट्सॲप करा. दुसऱ्या दिवशीही उत्तर नसेल तर पार्सल पाठवू नका.

विश्वास, आणि खोट्या घाईचा मोह

पत्ता, फोन नंबर, परतीचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर दिसलं पाहिजे. हे केवळ चांगलं दिसतं म्हणून नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० ने ते सांगितलं आहे, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात करायचं आहे. परतीचे नियम वकिली भाषेत लिहू नका. 'सात दिवसांत नंबर बदलून मिळेल. चप्पल घराबाहेर घातलेली नसावी. पहिल्यांदा बदलताना दोन्ही बाजूंचा खर्च आमचा' इतकं सरळ लिहा आणि ते खरेदीच्या बटणाखालीच ठेवा. बदलून देण्याचा खर्च घाबरवतो, पण माप नीट घेतलं असेल तर तो आटोक्यात राहतो.

अभिप्राय फोटोसकट मागा, आणि मागताना 'पाऊल रुंद आहे की अरुंद, नंबर कसा बसला' हे विचारा. 'खूप छान' या अभिप्रायाने पुढच्याचा प्रश्न सुटत नाही. 'माझं पाऊल रुंद आहे, एक नंबर मोठा घेतला, बरोबर बसला' याने सुटतो. नाराजीचे अभिप्राय काढून टाकू नका, खाली उत्तर द्या.

आणि उलटं घड्याळ, 'आत्ता २३ जण हीच चप्पल बघत आहेत', कार्टमध्ये गुपचूप टाकलेलं पॉलिश, सवलत नाकारताना 'नको, मला महागच आवडतं' असलं बटण, हे प्रकार कृपा करून वापरू नका. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध (गिऱ्हाइकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या अशा युक्त्यांविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत आणि खोटी घाई, परस्पर टोपलीत टाकलेली वस्तू, लाजवणारं बटण हे त्यात आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, चार जोड्या खरंच उरल्या असतील तर चार लिहा. हाताच्या मालात टंचाई खरीच असते, खोटी कशाला हवी?

कार्ट सोडून गेलेल्यांना

एकच संदेश पाठवा, संमती घेतलेली असेल तरच, काही तासांनी. त्यात सवलत देऊ नका. दिली की नेहमीचे लोक मुद्दाम कार्ट सोडायला शिकतात. 'नंबराबद्दल शंका आहे का? पायाच्या मापाचा फोटो पाठवा, आम्ही सांगतो' एवढं पुरतं. जे उत्तर देतात त्यांची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा. पुढच्या महिन्यात चपलेच्या पानावर काय लिहायचं ते त्यातूनच मिळतं.

बदल लागू पडला की नाही, हे कसं कळणार?

ए-बी टेस्टिंगबद्दल खूप लिहिलं जातं: अर्ध्या लोकांना जुनं पान, अर्ध्यांना नवं. पण लहान दुकानाला ते गणितात बसतं का ते बघा. रेट १.२ वरून १.५ टक्के झाला हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला प्रत्येक बाजूला साधारण २३,००० भेटी लागतात. महिन्याला ४,००० भेटी असलेल्या दुकानाला त्यासाठी जवळजवळ वर्ष जाईल, आणि वर्षात सगळं बदलतं.

म्हणून अंतिम ऑर्डरीऐवजी वरचा टप्पा मोजा. कार्टमध्ये टाकणाऱ्यांचं प्रमाण ६ वरून ८ टक्के झालं का, हे ताडायला प्रत्येक बाजूला २,६०० च्या आसपास भेटी पुरतात. म्हणजे दीड महिन्याच्या आत उत्तर मिळतं. मात्र पोचलेल्या ऑर्डरींचा रकाना शेजारी ठेवाच. कार्ट वाढलं आणि परतीही वाढल्या, तर बदल मागे घ्या. एका वेळी एकच मोठा बदल करा. बटणाचा रंग वगैरे तपासण्याइतकी माणसं तुमच्याकडे येत नाहीत. मापाचा नवा तक्ता, किमतीत धरलेलं पार्सल, कॅशसाठी आगाऊ रक्कम, असे ठसठशीत बदलच मोजता येतात.

तुलना करताना हंगाम धरा. चपलांचा आषाढ आणि चपलांचा कार्तिक यांची बरोबरी होत नाही. दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत रेट वाढला तर तो तुमच्या नव्या फोटोंमुळे वाढला असं समजू नका; मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडा. जाहिरात वाढवली त्या महिन्यात रेट पडणं साहजिक आहे, कारण नवखी माणसं जास्त येतात. तेव्हा स्रोतानुसार वेगळं बघा.

कामाचा क्रम मी असा लावेन. पहिल्या आठवड्यात ताळा आणि स्वतः मागवलेली ऑर्डर. मग चेकआउटची डागडुजी आणि कॅश ऑर्डरींचे फोन; हे दोन्ही बिनखर्चाचे आहेत आणि फरक महिन्याभरात दिसतो. त्यानंतर किंमत आणि तारीख. मापाचा तक्ता, फोटो आणि वर्णनं यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती जून ते ऑगस्टसाठी ठेवा. त्या दिवसांत कोल्हापुरीला मागणी नसते. प्रत्येक नंबरची जोडी मोजून होते, कारागिराशी पट्ट्याबद्दल बोलून होतं, आणि गणपतीच्या आधी नवी पानं चढवली तर नवरात्र-दिवाळीची गर्दी येईपर्यंत तक्त्यातल्या चुका दुरुस्त करायला काही आठवडे हातात राहतात.